१४० चित्रं, ६० खिळे

पत्र

प्रिय ताई,

मी बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या भागातलं एक मंडळ दिवाळीनंतर खुलं चित्रप्रदर्शन भरवतंय. वयाची, शिक्षणाची अट नाही. कलाकार बडोद्याचा किंवा आसपासचा असला की पुरे. परीक्षक तिघं आहोत: मी, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून शिकलेला एक तरुण चित्रकार आणि मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, जे आयुष्यभर बँकेत होते.

१४० चित्रं आली आहेत, हॉलमध्ये लागतील ६०. तरुण परीक्षक म्हणतो, यातलं अर्धं क्राफ्ट आहे, आधीच बाद करू. ज्येष्ठ म्हणतात, शंभरापैकी गुण द्या, बेरीज करा, म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही. त्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं चित्र आहे. चिटणीसांच्या सूनबाईंचंही आहे. ज्या ८० जणांना नाही म्हणायचं, त्यांतले निम्मे मला भाजी घेताना भेटतात. रात्री झोप येत नाही. नाव काढून घेऊ का?

– एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर

प्रिय बाई,

तुम्हाला बाईच म्हणते, ३१ वर्षं मुलांनी हीच हाक मारली असेल.

नाव काढून घेऊ नका. तुम्ही उठलात तरी त्या खुर्चीवर कुणीतरी बसेलच, आणि दुसऱ्यांच्या चित्रांसाठी त्याची झोप उडेल याची काही खात्री नाही. तुमची उडाली आहे, म्हणून तुम्हीच बसा.

मी एकोणीस वर्षांची असताना असंच एका प्रदर्शनाला चित्र दिलं होतं. सुरसागरच्या काठाचं जलरंग. निकालानंतर आणायला गेले तर जिन्याखाली बाकीच्यांबरोबर भिंतीला टेकवून ठेवलेलं. मागच्या पुठ्ठ्यावर निळ्या खडूची फुली. काय चुकलं, रंग की रेषा, की नुसती जागाच नव्हती, हे विचारायला तिथे माणूसही नव्हता. सायकलच्या कॅरिअरला बांधून रावपुऱ्यातून घरी आणलं आणि त्यानंतर सहा वर्षं ब्रशला हात लावला नाही. ते चित्र अजून माझ्याकडे आहे. आता त्यातली चूक मला दिसते: पाण्यातली प्रतिबिंबं मी काठावरच्या पांढऱ्या इमारतींइतकीच उजळ ठेवली होती. उजळ वस्तूचं प्रतिबिंब जरा गडद पडतं. तसं नसल्यामुळे तलाव आरशाच्या भिंतीसारखा उभा राहिला होता. एका ओळीत सांगता आलं असतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, बाकीचं सगळं त्याच्या मागून येईल. खुल्या प्रदर्शनात परीक्षकाचं देणं १४० जणांचं असतं. बक्षीस तिघांना मिळेल, भिंत साठांना मिळेल, पण आपलं चित्र कुणीतरी थांबून पाहिलं, हे प्रत्येकाला कळलं पाहिजे. एका चित्राला एक मिनिट धरलं तर १४० मिनिटं होतात, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. एक सकाळ. एवढं तर आपण देऊ शकतो.

सकाळच म्हणते आहे, कारण पाहायचं ते दिवसाच्या उजेडात. साध्या ट्यूबलाइटखाली पिवळे, तांबडे रंग फिके पडतात आणि काचेच्या फ्रेमवर पट्टे दिसतात. हॉलचे पडदे सारून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून निवड करू देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. मोबाइलच्या पडद्यावर तळहाताएवढं पेन्सिलचं रेखाटन आणि चार फुटी कॅनव्हास एकाच मापाचे होतात. भडक ॲक्रिलिक उठून दिसतं आणि हलकं जलरंग धुऊन निघाल्यासारखं दिसतं. मूळ चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं लावा. नावं झाका, नुसते क्रमांक ठेवा. पहिल्या फेरीत तिघांनीही हातात कागद न घेता, एकमेकांशी न बोलता फिरायचं. बोलणं सुरू झालं की ज्याचा आवाज मोठा त्याची नजर सगळ्यांची होते. निवड समित्यांमध्ये हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आता ज्येष्ठांची बेरीज. त्यांचा हेतू चांगला आहे, व्यवहार स्वच्छ दिसावा असं त्यांना वाटतं. पण त्यांना कागदावर एवढंच दाखवा. दहापैकी गुण धरू. एका चित्राला तिघांनी सात-सात-सात दिले: एकवीस. दुसऱ्या चित्रानं तुम्हाला हलवून सोडलं, तुम्ही दहा दिले, तरुणानं नऊ दिले, ज्येष्ठांना ते अजिबात कळलं नाही, त्यांनी एक दिला: वीस. बेरजेनं पहिलं जिंकलं. म्हणजे जे कुणालाच विशेष आवडलं नाही पण कुणाला खुपलंही नाही, ते भिंतीवर. अशा बेरजेनं निवडलेलं प्रदर्शन पाहून माणूस पंधरा मिनिटांत चहाच्या टेबलाकडे वळतो.

माझी पद्धत अशी. दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं आपापल्या यादीत क्रमांकापुढे तीनपैकी एक खूण करायची: हवं, नको, पुन्हा पाहू. तिघांच्याही याद्या लिहून झाल्यावरच एकत्र मांडायच्या. तिघांचं ‘हवं’ असलेली चित्रं सरळ आत. तिघांचं ‘नको’ असलेली बाजूला, पण त्यांच्यासमोरही एकदा उभं राहून. खरं काम उरलेल्यांत आहे, आणि तिथे वेळ घालवा. शिवाय प्रत्येक परीक्षकाला दोन हट्टाची चित्रं द्या. बाकी दोघांनी नको म्हटलं तरी ती लागणारच. अट एवढीच की का हवं ते त्यानं दोन वाक्यांत लिहून द्यावं. साठांपैकी सहा जागा हट्टाला गेल्या तर प्रदर्शन बिघडत नाही, उलट त्यात जीव येतो.

तुमच्या बँकवाल्या सभासदांना कमी लेखू नका, हेही सांगते. प्रदर्शन पाहायला येणारे बहुतेक त्यांच्यासारखेच असतात. ते एखाद्या चित्रासमोर रेंगाळले तर का रेंगाळले, ते विचारा.

आता तो तरुण. त्याच्याशी भांडू नका, त्याला बडोदंच दाखवा. तो ज्या शाळेत शिकला तिथे १९५० मध्ये चित्रकार ना. श्री. बेंद्रे चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख झाले, मूळचे इंदूरचे आपले मराठी गृहस्थ. पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या शिक्षकांनी तिथे विद्यार्थ्यांबरोबर लाकडाची खेळणी केली आणि संस्थेच्या फाइन आर्ट्स फेअरमध्ये लोकांना विकली. ज्योती भट्ट त्याच शाळेत शिकले, तिथेच शिकवलं, आणि वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन गावोगावच्या बायकांनी अंगणात, भिंतींवर काढलेल्या रांगोळ्या आणि चित्रं टिपत फिरले. ज्या संस्थेनं क्राफ्ट आणि कला यांच्यामधली भिंत इतकी खाली आणली, तिचा विद्यार्थी ‘क्राफ्ट आहे, बाद करू’ म्हणतो, तेव्हा त्याला प्रेमानं त्याच्याच गुरूंची आठवण द्यायची.

आणि शिक्षणाचा मुद्दा निघालाच तर रविवर्मा कुठल्याही कलाशाळेत शिकलेले नव्हते. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून पुराणकथांची चित्रं करून घेतली, ती आपण फत्तेसिंह संग्रहालयात आजही पाहतो.

पण त्याच्या तक्रारीत तथ्य आहे, तेही मान्य करा. हल्ली खुल्या प्रदर्शनांत काय येतं ते मला ठाऊक आहे: ठिपक्यांचे मंडल, रेझिनची घड्याळं, आरसे चिकटवलेलं लिप्पन, म्हणजे कच्छी मातीचं नक्षीकाम, त्यातलं बरंचसं तयार किटमधलं. किटमध्ये आराखडा छापलेला असतो, रंग ठरलेले असतात. बसून ते पूर्ण करणाऱ्या बाईनं चार दुपारी मन लावून काम केलेलं असतं, त्याचा मान ठेवायचा. पण त्यात निर्णय तिचा किती होता, हे विचारायला हवं. तोच प्रश्न सगळ्या चित्रांना विचारा: इथे करणाऱ्यानं स्वतः काय ठरवलं? लिप्पनमध्ये एखादीनं कच्छी नक्षी सोडून आपल्या पोळातले, म्हणजे जुन्या गल्लीतले, झरोके बसवले असतील, तर तिनं ठरवलं. तैलरंगात इंटरनेटवरचा घोडा जसाच्या तसा उतरवला असेल, तर माध्यम भारी असूनही त्यानं काहीच ठरवलं नाही. ही कसोटी लावली की क्राफ्ट की कला हा वाद आपोआप मागे पडतो.

एका जागी मात्र ही कसोटी जपून वापरा. छोटा उदेपूरकडचा एखादा राठवा आदिवासी कलाकार पिठोरा चित्र घेऊन आला असेल तर त्याला ‘यात तुझं नवीन काय’ असं विचारणं चूक आहे. पिठोरा नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर काढतात. लखारा, म्हणजे चित्र काढणारा, घोडे काढतो आणि सगळं जागच्या जागी आलं का ते बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, वाचून पाहतो. काही सुटलेलं चालत नाही. तिथे रेषेतला ठामपणा पाहा, घोड्यांच्या रांगेतली लय पाहा, परंपरेची जाण पाहा. आणि हे तुम्हा तिघांनाही पुरेसं ठाऊक नसेल, तर जाणकाराला बोलावून घ्या.

नकलेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात आम्ही पहिलं बक्षीस पेन्सिलनं काढलेल्या एका म्हाताऱ्याच्या व्यक्तिचित्राला दिलं. प्रत्येक सुरकुती, पागोट्याची प्रत्येक वीण. दोन महिन्यांनी कुणीतरी मूळ फोटो दाखवला, कॅलेंडरवरचा, हुबेहूब. त्याच भिंतीवर कोपऱ्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं चित्र होतं, बिलांच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं काढलेलं: खंडेराव मार्केटमधली भाजीवाली. चेहरा कच्चा, खांदे वाकडे. आम्ही ‘ॲनाटॉमी कमजोर’ म्हणून पुढे गेलो. पण वांगी निवडणारे हात इतके खरे होते की आज इतक्या वर्षांनी मला तो म्हातारा आठवत नाही, ते हात आठवतात. त्या बाईंना मी काहीच सांगितलं नाही. त्या नंतर कुठल्या प्रदर्शनात दिसल्याही नाहीत.

तेव्हा फॉर्म परत घेता येत नसले तरी एक चिठ्ठी सर्वांना पाठवा: ‘चित्रासाठी काही संदर्भ वापरला असेल तर लिहा: फोटो, दुसऱ्याचं चित्र, किट, एआय. संदर्भ वापरणं हा दोष नाही, न सांगणं आहे.’ अभ्यासासाठी थोरांच्या चित्राची नक्कल करण्याची रीत जुनी आहे. अशी चित्रं हवी तर लावा, खाली ‘प्रतिकृती’ लिहा, आणि बक्षिसाच्या विचारात घेऊ नका. ज्यांना बक्षीस द्यायचं ठरतंय त्यांच्याकडून कच्ची रेखाटनं मागून घ्या. खरोखर काम करणाऱ्याकडे खोडलेले, सुरकुतलेले कागद हमखास सापडतात आणि ते दाखवताना त्याचा चेहरा खुलतो.

फ्रेमला गुण देऊ नका. कुणाकडे सोनेरी फ्रेमला पैसे असतात, कुणी चित्र वहीतून फाडून आणलेलं असतं. मंडळाला सांगून कागदावरची सगळी चित्रं एकसारख्या पांढऱ्या माउंटवर लावून घ्या. लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येऊ द्या, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. आणि छतापर्यंत दोन-तीन ओळी चढवून साठाचे नव्वद करू नका. वरच्या ओळीतली चित्रं कुणी पाहत नाही. मान वर करायला लागेल अशा जागी चित्र टांगणं म्हणजे गोड शब्दांतला नकारच.

तुमच्या विद्यार्थिनीचं चित्र. तुम्ही तिची रेषा ओळखणार, नाव झाकून काही उपयोग नाही. पहिल्याच बैठकीत तिघांसमोर सांगा, वहीत लिहून घ्या, आणि त्या क्रमांकाची चर्चा होईल तेव्हा हॉलच्या बाहेर जा. ‘मी नुसती ऐकत बसते’ असंही म्हणू नका. तुम्ही समोर असताना दोघं मोकळं बोलणार नाहीत. बाहेर व्हरांड्यात उभं राहून घालमेल होईल, ती होऊ द्या. तिचं चित्र नाकारलं गेलं तर निर्णय उलटवायचा नाही. बक्षीस मिळालं तर संकोचानं कमीही करायचं नाही. शिक्षकांच्या हातून हे दुसरं फार होतं: पक्षपात दिसू नये म्हणून आपल्याच मुलांवर अन्याय.

सूनबाईंचं सोपं आहे. पदाधिकाऱ्यांच्या घरच्यांनी भाग घ्यावा, निवडलं गेलं तर चित्र लागावं, बक्षिसाला पात्र नसावं. हे चित्रं उघडण्याआधी चिटणीसांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. फोनवर नको.

तुम्हाला भीती आहे की आपण चुकलो तर? चुकाल. १९३५ मध्ये अमृता शेरगिलनं सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीला दहा चित्रं पाठवली, त्यांनी पाच परत केली. घेतलेल्यांपैकी एकाला बक्षीस दिलं, ते तिनं परत पाठवलं. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिलं. सिमल्याचे परीक्षकही अडाणी नव्हते, त्यांना सवयीच्या पलीकडचं दिसलं नाही. आपल्याही नजरेला असं काही दिसत नसणार. म्हणून तर ती हट्टाची चित्रं आणि ‘पुन्हा पाहू’चा ढीग.

उरलेल्या ८० चित्रांसाठी एक करता येईल. शेवटच्या दिवशी, ज्यांची इच्छा असेल त्यांची चित्रं टेबलांवर मांडा. पॅरिसमध्ये १८६३ साली नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन सम्राटाच्या हुकमानं भरलं होतं, त्यात एदुआर माने आणि कामीय पिसारो हे फ्रान्समधले चित्रकार होते. पण तिथे पुष्कळ लोक हसायलाही आले होते. म्हणून प्रत्येकाला आधी विचारा, आणि नको म्हणेल त्याला आग्रह करू नका. टेबलाशी तुमच्यापैकी एकानं दिवसभर बसावं.

आणि एका दुपारी बाकीच्या दोन्ही परीक्षकांना घेऊन रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या, निवडीच्या आधी. वरच्या मजल्यांच्या भिंती पाहा, देव, लढाया, नटलेल्या बायका, साहेब. दीडशे वर्षांपूर्वी ते रंगवणाऱ्यांची नावं त्या भिंतींवर नाहीत. तिथे गुण द्यायचं कुणालाच सुचत नाही, तिघंही नुसते पाहाल, आणि तीच नजर घेऊन हॉलमध्ये यायचं आहे.

राहिली ती नकाराची पत्रं. ८० पत्रं, तिघांत सत्तावीस-सत्तावीस. एकाला तीन मिनिटं धरली तरी दीड तासाच्या आत होतात. छापील मजकूर नको, हातानं लिहा. ‘आपला प्रयत्न स्तुत्य आहे’ हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. ते वाचून माणसाला कळतं की चित्र कुणी पाहिलेलंच नाही. चित्रातली एक नेमकी गोष्ट जी जमली, एक जी अडली, बस. नमुना म्हणून मी अलीकडेच एका अकरावीच्या मुलाला लिहिलेलं देते:

‘मांडवीच्या कमानीखालच्या सावलीत तुम्ही जांभळा मिसळलात, तिथे आम्ही तिघंही थांबलो. आकाश मात्र ट्यूबमधला निळा थेट लावल्यासारखं सपाट झालं आहे, त्यामुळे इमारत पुढे येत नाही. संध्याकाळी पाचला तिथेच उभं राहून नुसतं आकाश चार वेळा रंगवून पाहा. या वेळी जागा कमी होती, तुमचं चित्र शेवटच्या दहांत बाजूला ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी आणा.’

‘शेवटच्या दहांत’ हे खरं असेल तरच लिहायचं.

पाकीट चित्राच्या मागे चिकटवू नका, हातात द्या. चित्रं परत द्यायच्या दिवसांत तुम्ही स्वतः तिथे हजर राहा. कुणी रागावून बोललं तर ऐकून घ्या, चित्र पुन्हा समोर ठेवून बोला. चित्रं परत न्यायची वेळ संध्याकाळी सहानंतरही ठेवायला सांगा. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे तेव्हाच येऊ शकतात.

तुमची,
ताई